दुसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं

मनोरच्या स्टँडवर उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि गाजावाजा करून निघालेल्या या प्रवासाची सुरुवात चांभार शोधण्यानं झाली. सांगलीहून ठाण्यापर्यंत एक एसटी, ठाण्याहून अहमदाबादच्या हमरस्त्यानं मनोरपर्यंत दुसरी, आणि आता पालघरची तिसरी यायची होती. अंग आंबून गेलं होतं. माझी धाकटी बहीण सुधा बोईसरजवळच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीत राहायची. लग्न झाल्यापासून ती 'ये, ये' म्हणून मागं लागली होती. या दिवाळीच्या सुट्टीत एकदाची निघाले.

मी शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवते. आम्हा भूगोलाच्या बाईंना एक खोड असते. नकाशावर बोट ठेवलं की आपण तिथं जाऊन आलो असंच वाटतं. ठाणे जिल्हा मी वर्गात किती वेळा पालथा घातला असेल! पण भात कापून झाल्यावर डोंगरातली घरंच्या घरं कामासाठी बाहेर पडतात, हे काही माझ्या नकाशात नव्हतं. स्टँडवर बोचकी, पातेली, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि पेंगुळलेली पोरं घेऊन बायका बसल्या होत्या. चांभार चप्पल शिवेपर्यंत मी एकीजवळ टेकले.

"कुठं निघालात?"

"भट्टीवर. इटांच्या."

"परत कधी?"

"पाऊस येल तवा." तिनं माझ्या पायाकडं पाहिलं. "तू कुठं?"

"बहिणीकडं. बोईसरला."

"मंग बेस हाय. तुजा मानूस हाय तिथं," ती म्हणाली आणि पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

पालघरपर्यंतचा रस्ता डोंगरातून वळणं घेत जातो. साग, मध्येच कापलेल्या भाताची खाचरं, आणि गवताच्या भाऱ्यांनी लादलेले ट्रक. पालघर ओलांडलं की जमीन सपाट होते आणि वाऱ्याला खारट वास येतो. बोईसरला उतरले तर वास पुन्हा बदलला. कारखान्यांच्या चिमण्या, रसायनांचा दर्प आणि चहाच्या टपरीवर सगळी हिंदी. आपण ठाणे जिल्ह्यातच आहोत ना, अशी शंका यावी. टपरीवाल्याला मी शुद्ध मराठीत वसाहतीचा रस्ता विचारला. तो म्हणाला, "कालोनी ना? वो सामने से बस जाती है, बहनजी." बहनजी निमूट समोर गेली.

सुधाच्या घरी पोचल्यावर मला कळलं, की या वसाहतीत परराष्ट्र धोरण हा चहाबरोबर खायचा पदार्थ आहे. केंद्राला लागणाऱ्या इंधनावरून तेव्हा परदेशाशी ताणाताणी चालली होती, आणि तिची झळ थेट नोकरीच्या ठिकाणाला लागणार, म्हणून प्रत्येक घरातला पुरुष मुत्सद्दी झाला होता. सुधाचे यजमान वसंतराव एरवी फार शांत गृहस्थ. पण विषय निघाला की बशीतल्या चकल्यांचे देश करायचे.

"ताई, मोठे देश असंच करतात," ते म्हणाले. "आपलं म्हणणं पटवायचं तर ते इंधन अडवतात. आपल्याला काय अडवता येतं?"

"चकल्या," सुधा म्हणाली आणि बशी उचलून आत गेली.

वसंतरावांचा कॉलेजातला खोलीसोबती, सबनीस नावाचा, दिल्लीत परराष्ट्राच्या कामात मोठ्या हुद्द्यावर होता. तो सरकारी कामासाठी याच आठवड्यात केंद्रावर यायचा होता. या गोष्टीचा घरात जरा जास्तच बोलबाला दिसला. त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी नवापूरला कळलं.

नवापूर हे समुद्राकाठचं कोळ्यांचं गाव. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर (मासे वाळत घालायच्या उंच दांड्या) बोंबील ओळीनं टांगलेले होते. मासळीचा वास पहिल्यांदा नाकात चढतो आणि मग तासाभरात भूक लावतो. आमच्याबरोबर सुधाची मैत्रीण पिरोजा होती. पिरोजा तारापूरची पारशीण, लग्न होऊन इराणी घरात गेलेली. नवरा मुंबईत हॉटेल चालवायचा आणि ही इकडं सासऱ्यांबरोबर चिकूची वाडी सांभाळायची. बोलणं सगळं इथल्या मातीचं. साडी गुजराती पद्धतीची आणि मासे पारखण्यात कोळणींना भारी.

आम्ही ज्या कोळणीकडून बोंबील घेतले तिचं नाव जनाबाई. गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलेला तिचा दीर समुद्रात हद्द चुकल्यामुळं पलीकडच्या देशानं धरून ठेवला होता. पिरोजानं तिला ती हकीकत पुन्हा सांगायला लावली. पिरोजानं ती बरेचदा ऐकली असावी, हे चेहऱ्यावरून कळत होतं.

"आमी दिल्लीपतूर मानूस धाडला," जनाबाई म्हणाली. "त्यांना सांगितला, नाव घेऊन इचारा. नुसता 'आमची मानसा सोडा' नाय बोलायचा. नाव घ्यायचा. नाव घेतला का ते घाबरतात. मानूस मंग हरवत नाय."

"आणि एकदाच विचारलं?" पिरोजा म्हणाली.

"एकदा इचारून कोन सोडतंय, बाय? परत परत इचारला. तवा आला."

परतताना पिरोजानं मला सगळं सांगितलं. इराणात राजा जाऊन नवी राजवट आली, त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. पिरोजाच्या सासऱ्यांचा सख्खा भाचा मेहेरबान तिकडं शाळेत मास्तर होता आणि आता तुरुंगात होता. गुन्हा एवढाच, की तो बहाई होता. हा धर्म इराणातच गेल्या शतकात जन्मला. नव्या राजवटीनं पारशी, ख्रिस्ती, यहुदी यांना निदान धर्म म्हणून मान्य केलं होतं. बहाईंना तेवढंही नाही. त्यांच्या नोकऱ्या गेल्या, प्रार्थनेच्या जागा गेल्या, कित्येकांचे जीव गेले. आणि आपलं दिल्ली दरबारचं माणूस, तेही जेवायला बोलावता येईल असं, चालून येत होतं.

"वसंतभाऊ बोलले, मी नाय विचारणार, नोकरीत शोभत नाय," पिरोजा म्हणाली. "पण जेवायला घेऊन येतो बोलले. बोलायचं पप्पांनी." पप्पा म्हणजे तिचे सासरे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो. तारापूरच्या अलीकडं, घिवलीचा रस्ता मागं टाकून आत वळलं की चिकूची झाडं सुरू होतात. इतकी गच्च, गोल, जमिनीला टेकलेली, की आत दुपार असून संध्याकाळ वाटावी. पिरोजाचे सासरे खोदारामशेठ एका झाडाखाली स्टुलावर उभे राहून फळं उतरवत होते. सत्तरीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. डोक्याला काळी टोपी, पायात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. पोरवयात इराणातून मुंबईला आले, हॉटेलात कपबश्या धुतल्या, मग इथं वाडी केली. मराठी शिकले ते वाडीत काम करणाऱ्या डोंगरातल्या माणसांकडून. त्यामुळं या गोऱ्यापान इराण्यानं तोंड उघडलं की तो थेट मनोरच्या स्टँडवरचा वाटायचा.

"बहीन माझी बहाई घरात दिली," त्यांनी मला सांगितलं. "आमचा धरम वेगला, त्यांचा वेगला. लग्नाला बाप रागावला, पन दिली. मेहेरबानला तिकडं बोलले, कागदावर सही कर, मी बहाई नाय. लगेच घरी जा. तो बोलला, हाय तर हाय."

"मग करून टाकावी सही," मी म्हणाले. मी स्पष्ट बोलते. सुधानं मला कोपर मारलं. "जीव महत्त्वाचा की नाही? मनात काय आहे ते देवाला ठाऊक असतं."

शेठ रागावले नाहीत. हातातला चिकू त्यांनी पुसला आणि मला दिला. "खोटं बोलून सुटला, तर मग कोन सुटला?" ते म्हणाले. मी चिकू सोलून तोंडात टाकला. साखरेसारखा गोड होता.

सबनीसांकडं त्यांना सुटका मागायची नव्हतीच. ते म्हणाले, सुटका मागितली की साहेब अडचणीत येईल. साहेबानं फक्त विचारायचं. मेहेरबान कुठं आहे? एवढंच. हिंदुस्थानासारख्या देशानं नाव घेऊन विचारलं, की तिकडच्यांना कळेल, या माणसावर कुणाची तरी नजर आहे. जनाबाईचा सगळा सिद्धांत त्यांनी मनाशी घट्ट धरला होता, आणि मला तो चुकीचा वाटला नाही.

मी शाळेत बाई आहे हे कळल्यावर त्यांनी मला वाक्य बसवून द्यायला सांगितलं. साहेबापुढं वाडीतली भाषा नको, म्हणाले, पुस्तकातली पाहिजे. मी सांगितलं, "साहेब, माझ्या भाच्याचं नाव मेहेरबान. तो तिकडं तुरुंगात आहे. आपण त्याची चौकशी करावी, एवढीच विनंती." चिकूच्या झाडांतून फेऱ्या घालत त्यांनी ते पाठ केलं. 'हाय' तोंडात यायचं, मग थांबून 'आहे' म्हणायचे आणि माझ्याकडं पाहायचे. मी मान हलवली की पुढं. माझ्या नववीच्या मुलींनी असं कधी पाठांतर केलं नाही. फळं उतरवणारी माणसंही मध्येच हात थांबवून ऐकत होती, आणि एकजण झाडावरूनच म्हणाला, "बरोबर हाय, शेठ! आता चुकू नका."

सबनीस आले ते केंद्राच्या जीपमधून, वसंतरावांबरोबर. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. हसतमुख, थोडा थकलेला, सुधाला 'वहिनी' म्हणून हाक मारणारा. वाडी पाहून हरखला. जेवायला ओट्यावर जाजम पसरलं होतं. पिरोजानं आश (डाळी, पालेभाजी आणि शेवया घातलेलं दाट कढण) केली होती, पुलाव केला होता, नवापूरचे बोंबील तळले होते, आणि सिरोग (तेलात तळलेली कणकेची गोल पोळी) सासऱ्यांनी स्वतः तळली होती. सणासुदीची ती पोळी, परक्यासाठी कधी करत नाहीत म्हणे.

शेठ जेवले नाहीत. पाहुण्यांच्या ताटाशी उभे राहिले. सबनीस 'नको' म्हणाले की ते पुलाव वाढायचे. ताटावर हात आडवा धरला की हाताच्या बाजूनं वाढायचे. "अहो शेठ, खरंच नको," असं म्हणत सबनीसांनी तिसऱ्यांदा वाढलेलाही संपवला आणि ढेकर दिली. आपल्याकडच्या पंगतीतला आग्रह मी पुष्कळ पाहिलाय, पण हा वरचढ होता. मजेत जेवण झालं. मी आणि सुधा सारख्या एकमेकींकडं बघत होतो. आता बोलतील, आता बोलतील. पण जेवताना शेठ एक अक्षर बोलले नाहीत. पिरोजा हळूच म्हणाली, "आपल्या ताटावर बसलेल्या माणसाकडं काही मागत नाय. उठू दे."

सबनीस उठले. हात धुतले. चिकूची झाडं कशी लावतात, पाणी किती लागतं, सगळं विचारून झालं. फाटकाशी जीप सुरू झाली. आणि तिथं, एक पाय जीपमध्ये ठेवून, त्यांनी स्वतःहून म्हटलं, "शेठ, फार पाहुणचार केलात. माझ्याजोगं काही काम असलं तर सांगा. संकोच करू नका."

वसंतराव मुद्दाम दुसरीकडं बघायला लागले. शेठ दोन पावलं पुढं झाले. उजवा हात छातीवर ठेवला, मान लववली.

"नाय नाय, साहेब. काम कसलं? काय नाय पायजे. तुमी आलात, घर भरलं."

मला वाटलं ही प्रस्तावना आहे. आता 'आहे' येईल, 'विनंती' येईल. शेठ तसेच हात छातीवर ठेवून सबनीसांच्या तोंडाकडं बघत राहिले. चेहऱ्यावर अदबीचं हसू. वाट बघत होते, एवढं मला दिसत होतं. कशाची, ते मला कळत नव्हतं.

"बरं तर. येतो मग," सबनीस म्हणाले आणि जीपमध्ये बसले. जीप गेली.

शेठचा हात छातीवरच होता. ओठ हलले, पण ते वाक्य कुणासाठी नव्हतं. मग त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि झाडांत निघून गेले.

मी सुधावर उखडले. "हे काय? एवढा घाट घातला कशाला? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही."

पिरोजा मटकन ओट्यावर बसली. "भीड नाय, ताई. रीत हाय त्यांची. पहिल्यांदा विचारलं तर नको बोलायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको. पहिल्याच फटक्याला हो बोलतो तो हावरा. समोरच्याला खरंच द्यायचं असेल तर तो तीनदा विचारतो. त्यांच्या मुलखात लहान पोराच्या हाडात भरतात हे. मी तारापूरची, मला तुमचं कळतं. पप्पांना इथं येऊन साठ वर्षं होत आली, पन तोंड तिकडचंच राहिलं. ते थांबले होते. साहेब परत विचारतील म्हणून थांबले होते."

तिनं डोळे पुसले आणि ताडकन उठली. सबनीस संध्याकाळच्या गाडीनं बोईसरहून जाणार होते. वाडीतून चिकूच्या पेट्या घेऊन एक टेम्पो त्याच गाडीला निघाला होता. आम्ही तिघी त्यात चढलो. "पेटी मत दबाना, दीदी," चालकानं बजावलं. पेट्यांच्या मधल्या फटीत उभ्यानं प्रवास. खड्ड्यागणिक एकेक पेटी माझ्या अंगावर यायची, आणि माझी दिवाळीची साडी चिकूच्या चिकानं अशी माखली की पुढं ती भांडी पुसायलाही उपयोगी पडली नाही. तेव्हा मात्र साडीकडं लक्ष नव्हतं. पिरोजा सगळा वेळ ते माझं वाक्य पुटपुटत होती.

सबनीस फलाटावर वसंतरावांशी बोलत उभे होते. आम्हाला त्या अवतारात बघून दोघंही घाबरले. पिरोजानं वाक्य बाजूला टाकलं आणि आपल्या भाषेत सगळं सांगितलं. मेहेरबान, सही, तुरुंग, बहीण. सबनीसांनी शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही, हेही मला सांगितलं पाहिजे.

"हा विषय आमच्याकडं नवा नाही," ते म्हणाले. "आम्ही तिकडं विचारलं होतं. सगळ्या बहाईंबद्दल. त्यांचं उत्तर आलं, की धर्मावरून आमच्याकडं कुणालाही त्रास नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? उत्तर आलं ना."

"परत नाही विचारलंत?"

"परत विचारणं म्हणजे तुम्ही खोटं बोलता असं तोंडावर म्हणणं. दोन देशांमध्ये असं चालत नाही, बाई. तिथं आपली माणसं नोकरीला आहेत. तेल आहे. आणि हा मुलगा आपला नागरिकही नाही." ते थोडे थांबले. वसंतरावांकडं पाहिलं आणि मग पिरोजाकडं. "खरं सांगू? जेवताना वसंतानं डोळ्यांनी खुणावलं तेव्हाच माझ्या ध्यानात आलं होतं, की काहीतरी काम आहे. शेठ नको म्हणाले आणि मला सुटल्यासारखं झालं. त्यांनी मागितलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं."

पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती हीच. मला संताप आला, पण माणूस खरं बोलत होता, त्यामुळं तो संताप कुठं टाकायचा ते कळेना.

पिरोजाला संताप आला नव्हता. ती एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "साहेब, तुमी नाही बोलला असता तर चाललं असतं. ते परत विचारणार होते. पुलाव तुमाला नको होता ना? तीनदा वाढला. खाल्लात ना?"

गाडी आली. माणसं, पेट्या, दुधाच्या कॅनांची धावपळ सुरू झाली. डब्याच्या दारात उभं राहून सबनीसांनी विचारलं, "नाव काय म्हणालात?"

"मेहेरबान," पिरोजा ओरडली. "मेहेरबान!"

त्यांनी मान हलवली. ते नाव त्यांनी एकदा स्वतःशी म्हटलेलं मला दिसलं. मेहेरबानच्या बापाचं नाव सांगायला पिरोजा डब्याबरोबर धावली, पण गाडीनं वेग घेतला होता.

परतीच्या आदल्या दिवशी मी शेठना भेटायला एकटीच गेले. ते स्टुलावर नव्हते. ओट्यावर बसून होते. फलाटावरचं पिरोजानं त्यांना सगळं सांगितलं होतं. मी म्हणाले, "साहेबांनी नाव विचारून घेतलं आहे. काहीतरी करतील."

"वाक्य मला येत होतं, बाई," ते म्हणाले. "आताही येतं. साहेब, माझ्या भाच्याचं नाव मेहेरबान. तो तिकडं तुरुंगात आहे." 'आहे' अगदी स्वच्छ म्हणाले. "साहेबानं विचारलं, आनि माझ्या तोंडातून माझा बाप बोलला. बाप मरून चालीस वर्षं झाली. तिकडं तो पोरगा एक खोटा शब्द बोलत नाय. आनि इकडं मी काय बोललो? काय नाय पायजे. हे खोटं नव्हतं?"

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. फार वाईट वाटत होतं.

निघताना त्यांनी चिकूची एक करंडी पुढं केली. "घेऊन जा. पोरींना दे शाळेत."

"कशाला हो, नको," मी सवयीनं म्हणाले. आपण सगळेच म्हणतो. हात मात्र माझा अर्धा पुढं गेलेला.

"बरं," शेठ म्हणाले, आणि करंडी खाली ठेवली.

मनोरला पुन्हा एसटी बदलली. भट्ट्यांवर जाणारी आणखी माणसं तिथं बसली होती. घरी पोचले, शाळा सुरू झाली. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपल्या परराष्ट्र धोरणाचा एक धडा आहे. दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, हे त्यातलं एक तत्त्व. मी ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. ते चुकीचं आहे असं मी आजही म्हणणार नाही. आपल्या घरात कुणी येऊन ढवळाढवळ केली तर मी तरी कुठं खपवून घेईन? पण विचारणं म्हणजे ढवळाढवळ का, आणि एक उत्तर मिळाल्यावर गप्प बसणं म्हणजे सभ्यता का, हे त्या धड्यात नाही. त्या वर्षी मी तो धडा घाईनं उरकला.

उन्हाळ्यात सुधा माहेरपणाला आली तेव्हा मी पहिलं मेहेरबानचं विचारलं. ती आंबे चिरत होती, सुरी खाली ठेवली.

सबनीस ते नाव विसरले नव्हते. वरून कुणी सांगितलं नसताना, आपल्या अंगावर घेऊन, त्यांनी दिल्लीहून तिकडं नाव घेऊन विचारलं होतं. वसंतरावांना तसं कळवलंही होतं. महिनाभरात उत्तर आलं, की या नावाचा कुणी आमच्या तुरुंगात नाही. सबनीसांनी आभार मानले आणि प्रकरण मिटलं. पुढं त्या तुरुंगातून सुटलेला एकजण मुंबईला आला, तो वाडीवर येऊन शेठना भेटून गेला. त्यानं सांगितलेली तारीख धरली तर मेहेरबानला तिकडच्यांनी त्या उत्तरानंतर तीन आठवड्यांनी मारलं होतं.

"म्हणजे उत्तर आलं तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हा तो तिथंच होता," सुधा म्हणाली. "त्या सुटून आलेल्या माणसाच्याच खोलीत. जिवंत."